थ्रेड्सवर आलेले १० कोटी लोक टिकले का?

जुलै २०२३. फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाच्या थ्रेड्स ॲपने ५ दिवसांत १० कोटी खाती जमवली. इन्स्टाग्रामचं खातं असलं की लगेच आत! पण महिना उलटायच्या आत मेटाप्रमुख झकरबर्गनेच कबूल केलं की त्यातले निम्मेही टिकले नाहीत. टिकणार कसे? सुरुवातीला फक्त फॉलो केलेल्यांच्या पोस्ट बघायची सोयच नव्हती. पंगतीला अख्खं गाव बोलावलं आणि भात अजून चुलीवर!

याउलट २००४ चं फेसबुक. आधी फक्त हार्वर्ड, मग कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल. सगळ्यांना दार उघडलं ते थेट सप्टेंबर २००६ मध्ये. नवा विद्यार्थी आला की कॉलेजातले ओळखीचे चेहरे आधीच हजर. मला तरी हीच चाल जास्त हुशारीची वाटते. थ्रेड्स नंतर सावरलं, पण पाठीशी मेटाचा पैसा होता (छोट्या कंपनीने गाशा तिथेच गुंडाळला असता).