नाव घेऊन वाढावे असे जेवण : बीफचा खिमा आणि खरपूस कांद्याचे सँडविच

मराठी भाषेत काही पदार्थांना नाव असते, परंतु ते उच्चारले जात नाही. बकऱ्याच्या मांसाला मटण म्हणतात, कोंबडीला कोंबडी म्हणतात. मात्र तिसऱ्या एका मांसाविषयी बोलताना आपल्या वस्त्यांतील वडीलधारी माणसे आवाज खाली आणून ‘मोठ्याचं’ एवढेच म्हणत. विशेषण उरले आणि नाम गळून पडले. हे नाम आपोआप गळाले नव्हते. शेजारी काय म्हणतील, घरमालक खोली खाली करायला लावील का, शाळेत मुलाच्या डब्याकडे बोट दाखवले जाईल का, या भयाने ते गिळले गेले होते.

संयुक्त अरब अमिरातीत आल्यावर हे गिळलेले नाम आपल्याला दुकानाच्या काचेआड ठळक अक्षरांत लिहिलेले दिसते. मांसविभागातील प्रत्येक तबकावर अरबीत ‘लहम बकर’, इंग्रजीत ‘बीफ’ आणि खाली मूळ देशाचे नाव असते. ऑस्ट्रेलिया, ब्राझील, पाकिस्तान, न्यूझीलंड अशी नावे शेजारीशेजारी दिसतात. भारताचे नाव दिसले तर ते मांस म्हशीचे असते, कारण गाय, बैल आणि वासरू यांच्या मांसाच्या निर्यातीस भारतात बंदी आहे. म्हणून ‘बीफ’ आणि ‘गोमांस’ हे शब्द एकमेकांच्या जागी सरसकट वापरू नयेत. आपल्या ताटात काय आहे हे अचूक ठाऊक असणे ही स्वाभिमानाची पहिली पायरी होय.

या लेखात एका साध्या, पोटभरीच्या पदार्थाची कृती दिली आहे. परंतु हा पदार्थ आपल्या घरात शिजतो तेव्हा त्याच्यासोबत एक इतिहासही शिजतो, आणि परदेशात वाढणारी आपली मुले त्याविषयी प्रश्न विचारतात. कृतीआधी त्या प्रश्नांची उत्तरे आपल्याजवळ असावीत.

बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले?

‘बाबासाहेबांनी तर हे मांस सोडायला सांगितले होते ना?’ हा प्रश्न आपल्या मेळाव्यांत वारंवार ऐकू येतो. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्यावर जाण्याआधी त्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडून देण्याचे आवाहन केले. गावातील मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम जातीने लादलेले होते. त्या कामाच्या मोबदल्यात हाती येणारे मांस हा गुलामगिरीचाच एक भाग होता. ते नाकारणे म्हणजे ती गुलामगिरी नाकारणे होते. आपल्या पूर्वजांनी ते नाकारले, उपाशी राहून नाकारले, आणि त्याची किंमतही मोजली.

आज आपण दुकानात उभे राहून, कष्टाच्या दिरहमांनी, ताजे आणि तपासलेले मांस विकत घेतो. ते कोणी आपल्याकडे फेकलेले नाही. महाडचा संदेश पदार्थाच्या नावापुरता नव्हता. माणूस ते अन्न कोणत्या नात्याने स्वीकारतो, हा त्या संदेशाचा गाभा होता.

पुढे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी याच विषयाकडे संशोधकाच्या दृष्टीने पाहिले. प्राचीन काळी ब्राह्मणही गोमांस खात होते, हे त्यांनी वैदिक साहित्याच्या आधारे दाखवले. पाहुण्यासाठी ‘गोघ्न’ हा शब्द का वापरला जात असे, हेही सांगितले. बौद्ध धम्माशी चाललेल्या संघर्षात ब्राह्मणांनी गोमांस सोडले आणि गाय पवित्र ठरवली; वाताहत झालेल्या, बौद्ध असलेल्या समूहांनी ते खाणे सुरू ठेवले म्हणून त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली, असा त्यांचा सिद्धांत आहे. मुलांना हे सांगता येते : ज्या घासासाठी आपल्याला हिणवले गेले, त्या घासाचा इतिहास एका महामानवाने ग्रंथरूपाने लिहून ठेवला आहे.

आपल्या चुलीची स्मृती

मराठवाड्यात बैलाचे मांस लांब पट्ट्यांत कापून, मीठ लावून, दोरीवर उन्हात वाळवत आणि त्याला ‘चान्या’ म्हणत. पावसाळ्यात काम नसताना हीच साठवण घराला तगवत असे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ साली प्रकाशित झालेल्या पुस्तकात या स्वयंपाकघराची नोंद केली. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे मराठी न वाचू शकणाऱ्या आपल्या मुलांनाही आता पणजीच्या चुलीपर्यंत जाता येते. या चुलीवर तेल थोडे असे, मसाला भाजलेल्या धान्याचा असे आणि कांदा निखाऱ्यात घालून काळसर होईपर्यंत भाजलेला असे. खालील कृतीत तोच भाजका स्वाद आपण आखाती स्वयंपाकघरात आणणार आहोत.

साहित्य (चौघांसाठी)

बीफचा खिमा ५०० ग्रॅम, मोठे कांदे चार, म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम, तेल एक मोठा चमचा आणि लोणी एक मोठा चमचा, लसणाच्या सहा पाकळ्या, आले बोटाच्या पेराएवढे, येसूर किंवा काळा मसाला दोन लहान चमचे, मिरपूड अर्धा लहान चमचा, मीठ, एक लिंबू, लबनेह म्हणजेच पाणी निथळलेले घट्ट दही चार मोठे चमचे, आणि चार सामून, म्हणजे येथील बेकरीत मिळणारे लांबट पाव. सामून नसल्यास खुबूसही चालते. खिम्यात १५ ते २० टक्के चरबी असावी. अगदी कोरडा खिमा शिजल्यावर भुसकट होतो.

कांदा : घाई चालत नाही

कांद्याच्या पातळ, सारख्या जाडीच्या उभ्या चिरा कराव्यात. जाड बुडाच्या रुंद कढईत तेल व लोणी एकत्र गरम करून कांदा घालावा आणि अर्धा लहान चमचा मीठ भुरभुरावे. मिठामुळे कांदा पाणी सोडतो. पहिली दहा मिनिटे मध्यम आच ठेवावी, नंतर ती मंद करावी. दर तीन-चार मिनिटांनी परतत राहावे. कांदा आधी पारदर्शक होतो, मग गुलाबीसर, मग बदामी, आणि ४० ते ४५ मिनिटांनी गडद तपकिरी, मऊ आणि गोड होतो. ही गोडी कांद्यातीलच साखरेची असते. पाणी आटल्यावर ती खरपूस होते. बुडाला चिकटू लागल्यास दोन चमचे पाणी शिंपडून खरवडून घ्यावे, कारण त्या चिकटलेल्या थरातच खरी चव असते. आच मोठी केल्यास कडा करपतात आणि आतला भाग कच्चाच राहतो. शेवटी खजुराचा पाक, ज्याला येथे ‘दिब्स’ म्हणतात, एक लहान चमचा घातल्यास रंग आणि गोडी दोन्ही खुलतात. न घातल्यासही काही बिघडत नाही. ढीगभर कांदा आटून जेमतेम वाटीभर उरतो, याचे नवख्याने आश्चर्य मानू नये.

हा कांदाही बहुधा आपल्याच मातीतून आलेला असतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी भारताने कांद्याची निर्यात थांबवली आणि ४ मे २०२४ रोजी ती पुन्हा खुली केली. मधल्या काळात नाशिकच्या शेतकऱ्याचा भाव पडला आणि आखातातील गृहिणीच्या पिशवीतला कांदा महागला. एकाच निर्णयाचे ओझे दोन टोकांच्या सामान्य माणसांनी वाहिले.

खिमा आणि जुळणी

कांदा होत आला की दुसरी कढई चांगली तापवावी. तेल न घालता खिमा पसरून ठेवावा आणि तीन मिनिटे अजिबात हलवू नये. सतत ढवळल्यास तो स्वतःच्या पाण्यात उकडला जातो आणि राखाडी पडतो. स्थिर ठेवल्यास खालची बाजू तांबूस, खमंग होते. त्यानंतर तो उलथन्याने मोकळा करावा, ठेचलेले आले-लसूण घालावे, दोन मिनिटांनी येसूर, मिरपूड आणि चवीपुरते मीठ घालून आणखी आठ ते दहा मिनिटे परतावे. कोठेही गुलाबी भाग राहू नये. मांसाच्या अखंड तुकड्यात जंतू प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात, खिम्यात मात्र ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिमा पूर्ण शिजवणे आवश्यक आहे. आच बंद करून अर्धे लिंबू पिळावे.

सामून मधोमध कापून तव्यावर आतल्या बाजूने शेकावेत, म्हणजे रसाने पाव भिजत नाही. एका बाजूला लबनेह लावावे, त्यावर खिमा, त्यावर कांद्याचा जाड थर, वर लिंबाचे दोन थेंब. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा असावा. डब्यासाठी करावयाचे असल्यास खिमा व कांदा पूर्ण निवू द्यावा, मगच भरावे. उरलेला कांदा झाकणबंद डब्यात घालून शीतकपाटात तीन-चार दिवस चांगला राहतो.

सुट्टीत गावी जाताना

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ही बंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. स्वस्त प्रथिनांचा एक मोठा आधार गरिबांच्या ताटातून गेला, आणि भाकड बैल विकून पेरणीचा खर्च भागवणारा शेतकरीही अडचणीत आला. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कायदेशीररीत्या मिळवलेले मांस जवळ बाळगण्यावरील बंदी रद्द केली. माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, हा विचार त्या निकालात आहे. तरीही परदेशातून भारतात गोमांस आणण्यास मनाई आहे. सामानात ते कोणत्याही रूपात नेऊ नये आणि मुलांना त्यामागील कारण स्पष्ट सांगावे. गावी कोणाला हा पदार्थ खिलवायचा असल्यास म्हशीच्या खिम्याचा करता येतो.

न खाणाऱ्यांचाही मान

आपल्या अनेक घरांत मांस खाल्ले जात नाही. अनेक जण पौर्णिमेला किंवा वर्षावासात ते वर्ज्य करतात. तथागतांनी जीवक सुत्तात भिक्खूंसाठी एक मर्यादा सांगितली आहे : आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस घेऊ नये. बावीस प्रतिज्ञांत मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तशीच प्राणिमात्रावर दया करण्याचीही आहे; मांसाहाराविषयी स्वतंत्र प्रतिज्ञा मात्र नाही. करुणेपोटी कोणी मांस सोडले तर तो त्याचा विवेक होय आणि त्याचा आदर राखावा. परंतु शरमेपोटी किंवा दुसऱ्याच्या धाकाने सोडलेल्या घासाला करुणा म्हणता येणार नाही. हा फरक मुलांना समजावून सांगणे हे पालकांचे काम आहे.

म्हणून एक छोटी सूचना. येत्या जयंतीला किंवा बुद्ध पौर्णिमेनंतरच्या स्नेहभोजनाला घरोघरचे पदार्थ एकत्र येतील, तेव्हा प्रत्येक भांड्यासमोर एक चिठ्ठी ठेवावी. तीवर पदार्थाचे पूर्ण नाव असावे : वांग्याचे भरीत, कोंबडीचा रस्सा, म्हशीचा खिमा, बीफ आणि खरपूस कांद्याचे सँडविच. ज्यांना खायचे नाही ते नेमके ओळखून दुसरे भांडे निवडतील. ज्यांना खायचे आहे त्यांना आवाज खाली आणून विचारावे लागणार नाही.