चित्रफितीतील आवाज आणि कृत्रिम बुद्धिमत्ता



प्रायश्चित्तकाळात एका धर्मग्रामातील युवक-युवतींनी क्रुसाच्या वाटेवर आधारित बारा मिनिटांची एक चित्रफीत तयार केली आणि ती आमच्याकडे पाहण्यासाठी पाठवली. चाबकाचे फटकारे, खिळ्यांवर पडणारे घाव, जमावाचा कल्लोळ, दूरवरची मेघगर्जना, हे सारे आवाज इतके नेटके होते की ते कुठून आणले, असे विचारल्यावाचून राहवले नाही. "फादर, एकही आवाज रेकॉर्ड केलेला नाही. सगळे एआयकडून करून घेतले," असे उत्तर मिळाले. मी त्यांचे मनापासून कौतुक केले. मात्र चित्रफितीच्या अखेरीस, प्रभूच्या मरणाच्या प्रसंगी, चर्चची घंटा संथपणे वाजत होती. आज्ञा गुरुवारच्या ग्लोरियानंतर थेट पास्काच्या जागरणविधीतील ग्लोरियापर्यंत आपल्या घंटा मुक्या असतात. त्यांच्या जागी लाकडी खटखटे वाजतात. मुलांनी यंत्राकडे 'चर्चमधील शोकमय वातावरण' एवढेच मागितले होते. घंटा त्याने आपल्या मनाने घातली.

या प्रसंगामुळे हा विषय थोडा विस्ताराने मांडावासा वाटला, कारण सणांच्या आणि नाटकांच्या चित्रफिती आता गावोगावी तयार होत आहेत.

दृश्याला उसना आवाज जोडण्याची प्रथा काही नवी नाही. बोलपट आले तेव्हा, १९२९ च्या सुमारास, अमेरिकेतील युनिव्हर्सल चित्रसंस्थेत जॅक फोली नावाचे गृहस्थ पडद्यावरील पात्रांच्या हालचाली पाहत पावलांचे आणि वस्त्रांचे आवाज काढीत असत. त्या कलेला पुढे त्यांचेच नाव मिळाले. नभोनाट्यातील घोड्यांच्या टापा नारळाच्या करवंट्यांच्या होत्या आणि ढगांचा गडगडाट पत्र्याचा. त्यामुळे आवाज खोटा आहे म्हणून तो त्याज्य, असे म्हणता येणार नाही. करवंटी वाजवणाऱ्याला मात्र घोडा कसा चालतो हे ठाऊक असे.

नवी साधने ठाऊक असण्याचे हे काम शब्दांवर सोपवतात. मेटा कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'ऑडिओजेन' हे साधन सर्वांसाठी खुले केले. मे २०२४ मध्ये 'इलेव्हनलॅब्ज'ने आणि जून २०२४ मध्ये 'स्टॅबिलिटी एआय'ने आपापली साधने आणली. वर्णन लिहायचे आणि काही सेकंदांचा आवाज मिळवायचा, अशी ही सोय आहे. मे २०२५ मध्ये आलेले गुगलचे 'व्हिओ ३' तर चित्र आणि आवाज एकदमच घडवते.

हे होते कसे? प्रथम लक्षावधी ध्वनिमुद्रणे आणि त्यांची लेखी वर्णने यंत्राला पुरवली जातात. 'स्टेबल ऑडिओ ओपन' या साधनासाठी सुमारे ४ लाख ८६ हजार ध्वनिमुद्रणे वापरली गेली. त्यांतील बहुतेक 'फ्रीसाउंड' या बार्सिलोना येथील खुल्या संग्रहातील होती. मग प्रत्येक आवाजात क्रमाक्रमाने खरखर मिसळली जाते आणि ती खरखर पुन्हा काढून टाकण्याचा सराव यंत्राकडून करून घेतला जातो. हा सराव पक्का झाला की यंत्राला निव्वळ खरखर देतात आणि आपण लिहिलेल्या शब्दांच्या आधाराने ती 'स्वच्छ' करावयास सांगतात. जुन्या तसबिरीवरील धूळ पुसावी तसे हे काम आहे. फरक एवढाच की येथे धुळीखाली तसबीर मुळात नसते. सर्व साधने नेमकी याच रीतीने चालत नाहीत, परंतु ऐकलेल्या आवाजांवरून अंदाज बांधणे हे सर्वांचेच सूत्र आहे.

यावरून दोन गोष्टी सहज लक्षात येतात. पहिली अशी की भावना मागू नये, वस्तू मागावी. 'भीतिदायक आवाज' असे लिहिले तर यंत्र सिनेमातील ठरीव भीती हाती देते. त्याऐवजी 'जड लाकडी दार, गंजलेल्या बिजागरी, दगडी खोली, दार हळूहळू उघडते, दुसरा कोणताही आवाज नाही' असे लिहावे. कशावर काय आपटते, किती अंतरावरून ऐकू येते, जागा उघडी की बंदिस्त, हे सांगितले की परिणाम बदलतो. हे वर्णन इंग्रजीत लिहिल्यास सहसा अधिक चांगले फळ मिळते. पाऊस, पावले व वारा एकत्र मागण्यापेक्षा वेगवेगळे मागून 'ऑडॅसिटी'सारख्या मोफत साधनात जुळवावेत, म्हणजे निवेदन सुरू होताच पाऊस तेवढा मंद करता येतो. आपल्या बहुतेक चित्रफितींमध्ये पार्श्वध्वनी निवेदकाला गिळून टाकतो, ही तक्रार एआयच्या आधीपासूनची आहे!

दुसरी गोष्ट अशी की जे यंत्राने ऐकलेले नाही ते त्याच्याकडून मिळणार नाही. 'चर्चची घंटा' म्हटले की ते सर्वसाधारण घंटा देते, कोणत्याच गावची नसलेली. आपल्या प्रदेशात घंटेला स्वतःचा कंठ असतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर येथील चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. भीमाशंकर, वाईजवळील मेणवली व नाशिकचे नारोशंकराचे मंदिर येथे त्या आजही आहेत. त्यांतील नाशिकच्या घंटेचा नाद असा की मोठ्या आवाजाच्या माणसाला मराठीत 'नारोशंकराची घंटा' म्हणू लागले. गावातील वृद्ध माणसे केवळ कानाने ओळखतात की ही आपली घंटा आणि ही शेजारच्या धर्मग्रामाची. उद्या आपल्या सणाच्या चित्रफितीवर यंत्राची घंटा बसवली, तर आखातात किंवा इस्रायलमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाला घरचा म्हणून भलताच आवाज ऐकू येईल. घंटा पुढेमागे तडकली, बदलली, तर तिचा खरा नाद कुठेही उरणार नाही.

म्हणून माझ्या मते नाटक आणि वृत्तांत यांत भेद करावा. येशूच्या काळातील जेरुसलेमचा रस्ता कोणी ध्वनिमुद्रित केलेला नाही. तेथे यंत्राची मदत खुशाल घ्यावी. परंतु घडलेल्या कार्यक्रमाच्या चित्रफितीत नसलेल्या टाळ्या घालणे, रिकाम्या बाकांवर गर्दीचा गजबजाट चढवणे, हे पाहणाऱ्याला फसवणे होय. खरी वाटणारी दृश्ये किंवा आवाज कृत्रिम असल्यास तसे नमूद करावे, अशी अट यूट्यूबनेही मार्च २०२४ पासून घातली आहे.

परवान्याकडेही लक्ष असावे. अनेक साधनांच्या मोफत योजनेत व्यावसायिक वापराला मुभा नसते आणि श्रेय देणे बंधनकारक असते. चित्रफितीतून निधी उभारायचा असेल तर अटी आधी वाचाव्यात. अटी बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी वाचाव्यात.

त्या युवकांनी घंटा काढून टाकली. जमावाचा कल्लोळही त्यांना नंतर खटकू लागला, कारण त्यात शब्द असल्याचा भास होई, पण शब्द नव्हते. तेव्हा रविवारच्या मिस्सानंतर त्यांनी चाळीस-पन्नास जणांना आवारात उभे करून "त्याला क्रुसावर खिळा" हे ओरडून घेतले आणि मोबाइलवर टिपले. तीन वेळा ध्वनिमुद्रण करावे लागले. पहिल्या दोन वेळी लोकांना ते शब्द मोठ्याने उच्चारवत नव्हते. खटखटे सॅक्रिस्टीच्या कपाटात सापडले. मागून येणारा रिक्षाचा आवाज त्यांनी एआयच्याच साधनाने पुसला.