७ किलोंत बाळाचं बिऱ्हाड!

सदाशिव पेठेतून लोहगाव विमानतळ गाठायचा, तोही दीड वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन. पहिल्या दिल्ली फ्लाइटला मी केबिन बॅग खच्चून भरली होती: डायपरचं अख्खं पाकीट, सहा फ्रॉक, गाणारी बाहुलीसुद्धा! तिचं लाडकं दुपटं मात्र मोठ्या बॅगेतून चेक-इनला गेलं. मग काय, दोन तास ती रडत होती आणि मीही रडायच्या बेतात.

इकॉनॉमीत केबिन बॅगला साधारण ७ किलोंची मुभा. म्हणून आता माझा फंडा एकच: एका हाताने जे काढता येईल, तेवढंच बरोबर.

सगळ्यात वर : दुपटं. शेजारी छोटी पिशवी, त्यात दोन डायपर आणि वाइप्स. टॉयलेटला एवढीच न्यायची.

बाहेरच्या कप्प्यात : सिपर आणि जन्मदाखला. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं, पण वयाचा पुरावा मागतात. विमान उतरताना कानांना दडे बसतात. घोटघोट पाणी गिळलं की मोकळे होतात, म्हणून लँडिंगआधी बाळाला उठवा.

डब्यात : केळं, नाचणीची बिस्किटं. मेतकूट-भात घरीच बरा!

तळाशी : तिचा एक जोड, तुमचा एक टॉप. उलटी दोघींवर होते.

"अगं, आमच्या वेळी एसटीला एक पिशवी पुरायची," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्याच जुन्या साडीचं ते दुपटं. आता बॅग भरायला घेतली की आधी तेच शोधते.