सुई, मुळी आणि हातातली वेळ
मूल होण्यासाठी ॲक्युपंक्चर आणि नैसर्गिक उपचार : पुरावा काय सांगतो?

‘फर्टिलिटी अँड स्टेरिलिटी’ या वैद्यकीय नियतकालिकात २००२ साली एक छोटा शोधनिबंध छापून आला. जर्मनीतल्या उल्म शहरातले डॉक्टर वोल्फगांग पाउलुस आणि त्यांच्या जर्मन व चिनी सहकाऱ्यांनी आयव्हीएफ उपचार घेणाऱ्या १६० स्त्रियांचे दोन गट केले होते. प्रयोगशाळेत वाढवलेलं भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर २५-२५ मिनिटं एका गटाला ॲक्युपंक्चर दिलं. दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचे उपचार मिळाले. पहिल्या गटात ४२.५ टक्के स्त्रियांना दिवस राहिले, दुसऱ्या गटात २६.३ टक्के.

मूल होत नाही म्हणून दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवणाऱ्या जोडप्यांना हा फरक म्हणजे आशेचा केवढा तरी मोठा आधार वाटला. पुढच्या काही वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या अनेक आयव्हीएफ केंद्रांनी ॲक्युपंक्चरची सोय केली. आपल्याकडेही ‘नैसर्गिकरीत्या गर्भधारणा’ अशा पाट्या झळकू लागल्या. त्या १६० स्त्रियांच्या अभ्यासाचं पुढे काय झालं, हे मात्र त्या पाट्यांवर लिहिलेलं नसतं. ते सांगण्यासाठीच हा लेख.

कल्पना कुठून आली?

चिनी वैद्यकाची ही सुई भारतात आली, त्याचा एक धागा महाराष्ट्राशी जुळतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात बंगालचे डॉ. बिजॉय कुमार बसू होते. कोटणीस १९४२ साली तिथेच वारले. बसूंनी पुढे पन्नाशीच्या दशकात पुन्हा चीनमध्ये जाऊन ॲक्युपंक्चर शिकून घेतलं आणि कोलकात्यात त्याची सुरुवात केली. आज महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे, उपचार करणाऱ्यांची नोंदणी ठेवणारी परिषदही आहे. नोंदणीमुळे समोरच्या माणसाने शिक्षण घेतलं आहे एवढं कळतं. एखाद्या विशिष्ट तक्रारीवर उपचाराचा गुण येतो की नाही, हे त्यावरून ठरत नाही. ते अभ्यासातूनच ठरवावं लागतं.

वंध्यत्वाच्या बाबतीत असा अभ्यास स्वीडनच्या एलिझाबेत स्टेनर-व्हिक्टोरिन यांनी १९९६ साली केला. गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांमध्ये प्रवाहाला जास्त अडथळा असलेल्या दहा स्त्रियांना त्यांनी सुयांमधून सौम्य विद्युतप्रवाह दिला. डॉप्लर सोनोग्राफीत हा अडथळा कमी झालेला दिसला. रक्तपुरवठा सुधारला तर गर्भाशयाचं अस्तर चांगलं होईल, भ्रूण रुजेल, ही कल्पना तर्काला धरून होती. पण स्त्रिया होत्या फक्त दहा, आणि तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. पाउलुस यांच्या अभ्यासात दुसरा गट होता, मात्र आपल्याला सुया टोचल्या की नाही, हे प्रत्येक स्त्रीला ठाऊक होतं. आपल्यासाठी काहीतरी जास्तीचं केलं जातंय ही जाणीव किती काम करते आणि सुई किती, हे त्यातून वेगळं काढता येत नव्हतं.

बनावट सुईची कसोटी

हा पेच सोडवण्यासाठी संशोधकांकडे एक साधन होतं. हायडेलबर्गच्या कोनराड स्ट्राइटबर्गर यांनी १९९८ साली बोथट टोकाची एक सुई पुढे आणली. ती दाबली की कातडीत शिरत नाही, मुठीत मागे सरकते. टोचल्यासारखं वाटतं, पण टोचलेलं नसतं. या सुईने खरा उपचार आणि त्याचा भास समोरासमोर उभे करता आले.

हाँगकाँगमध्ये ३७० स्त्रियांवर असा अभ्यास झाला आणि २००९ साली प्रसिद्ध झाला. खऱ्या सुईच्या गटात गर्भधारणेचं प्रमाण ४३.८ टक्के होतं, बनावट सुईच्या गटात ५५.१ टक्के. म्हणजे पारडं उलट बाजूला झुकलं होतं.

त्यानंतर दोन मोठे अभ्यास आले आणि त्यांनी या प्रश्नाचं बरंचसं उत्तर दिलं. पहिला चीनमधला. ‘जामा’ या नियतकालिकात २०१७ साली आलेल्या या अभ्यासात पीसीओएसचा त्रास असलेल्या, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला पीसीओडी म्हणतात तो त्रास असलेल्या, एक हजार स्त्रिया होत्या. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जास्तीत जास्त चार महिने उपचार दिले. काहींना खरं ॲक्युपंक्चर, काहींना वरवरचं. काहींना स्त्रीबीज सुटायला मदत करणाऱ्या क्लोमिफीनच्या गोळ्या, काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी २८.७ टक्के स्त्रियांना मूल झालं, बिनऔषधी गोळ्या घेणाऱ्यांपैकी १५.४ टक्के. सुई खरी की वरवरची, याने मात्र फरक पडला नाही. गोळीने प्रमाण जवळपास दुप्पट केलं, सुईने त्यात भर घातली नाही.

दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला. कॅरोलिन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १६ आयव्हीएफ केंद्रांमधल्या ८४८ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. त्याचा निष्कर्ष २०१८ साली ‘जामा’मध्येच आला. खरं ॲक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी १८.३ टक्के स्त्रियांना मूल झालं, बनावट घेतलेल्यांपैकी १७.८ टक्के. हा फरक नसल्यातच जमा आहे.

या संशोधकांविषयी मला मनापासून आदर वाटतो. १९९६ साली दहा स्त्रियांवरच्या अभ्यासातून आशा दाखवणाऱ्या स्टेनर-व्हिक्टोरिन चीनच्या त्या हजार स्त्रियांच्या अभ्यासातही संशोधक होत्या. कॅरोलिन स्मिथ यांनी २००६ सालीच ॲडलेडमध्ये २२८ स्त्रियांवर अभ्यास केला होता, आणि उत्तर स्पष्ट होईना म्हणून त्याच प्रश्नाला त्यांनी पुढची बारा वर्षं दिली. या लोकांचा ॲक्युपंक्चरशी वैरभाव नव्हता, उलट त्यांनी त्यातच आयुष्य घातलं. आपलीच आशा त्यांनी कसोटीला लावली आणि उतरली नाही, तेव्हा तसं जगाला सांगितलं.

मग बरं का वाटतं?

ॲक्युपंक्चर घेऊन आलेल्या स्त्रिया ‘शांत वाटलं’, ‘झोप लागली’ असं सांगतात, आणि ते खोटं नसतं. आयव्हीएफच्या काळात रोजची इंजेक्शनं, रक्ततपासण्या, सोनोग्राफी आणि रिपोर्टची धास्ती असते. त्यात कुणीतरी अर्धा तास शांत खोलीत झोपवून आपुलकीने विचारपूस करतं, याचं मोल आहे. उपचारांच्या काळातली चिंता कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. स्त्रीबीज काढताना होणाऱ्या वेदना इतर वेदनाशामक उपायांसोबत सुईने कमी होतात, यालाही पुरावा आहे. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया असतील आणि हात शिकलेला असेल तर धोकाही कमी. ज्या स्त्रीला हा विसावा हवा आहे आणि परवडतो आहे, तिने तो जरूर घ्यावा. फक्त तो विसावा म्हणून घ्यावा.

इथे एक गैरसमज कायमचा पुसायला हवा. ‘टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही’, हे वाक्य सासर-माहेर, शेजार, कधी कधी दवाखानासुद्धा मूल होत नसलेल्या बाईला ऐकवतो. कार्डिफच्या जॅकी बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतल्या ३५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडला : उपचारांपूर्वी मनावर किती ताण होता, याचा उपचारांच्या त्या फेरीत गर्भ राहण्या-न राहण्याशी संबंध आढळला नाही. ताण कमी करायचा तो तिला सुखाने जगता यावं म्हणून. अपयशाचं खापर तिच्या काळजीवर फोडायला विज्ञानाचा आधार नाही.

मुळ्या, पाक आणि भस्मं

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेसाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात असं सांगितलं आहे : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. योग्य काळ, निरोगी गर्भाशय, पोषण आणि सुदृढ बीज. ही मांडणी आजही विचार करायला उपयोगी आहे. पण मांडणी सुंदर आहे म्हणून तिच्या नावावर विकली जाणारी प्रत्येक बाटली गुणकारी ठरत नाही.

अश्वगंधेचं उदाहरण घेऊ. तिने शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल सुधारल्याचे काही अभ्यास आहेत, पण सहभागी पुरुषांची संख्या कमी. घरात मुलं जास्त जन्मली का, या खऱ्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही. शिवाय अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि गरोदरपणी ती टाळायला सांगतात. दिवस राहिले आहेत की नाही हे कळायच्या आधीच पोटात जाणाऱ्या औषधाबाबत ही गोष्ट मोठी आहे.

भस्मं आणि रसकल्पांचा, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधांचा, प्रश्न याहून गंभीर. २००८ साली ‘जामा’मध्ये आलेल्या एका पाहणीत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ साली सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं वाढल्याचं आढळलं. त्या सगळ्या भारतातून आणलेली औषधं घेत होत्या. शिसं आईच्या रक्तातून वारेवाटे बाळापर्यंत पोचतं आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला अपाय करतं. बाळासाठी घेतलेलं औषधच बाळाच्या मुळावर येतं. ‘मुलगाच होईल’ म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्यांबद्दल तर बोलायलाच नको. हरियाणातल्या संशोधनात अशा औषधांचा संबंध बाळांमधल्या जन्मजात व्यंगांशी जुळलेला दिसला आहे.

आधुनिक गोळ्यांनाही हीच कसोटी लावायला हवी. पुरुषांना फोलिक ॲसिड आणि झिंक सर्रास लिहून दिलं जातं. अमेरिकेत २३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गोळ्यांनी वीर्याचा दर्जा सुधारला नाही आणि मूल होण्याचं प्रमाणही वाढलं नाही : या गोळ्या घेणाऱ्यांत ३४ टक्के, बिनऔषधी गोळ्या घेणाऱ्यांत ३५ टक्के. औषध ॲलोपॅथीचं की आयुर्वेदाचं हा मुद्दा नाही. तपासून पाहिलं का, हा मुद्दा आहे.

१९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करायला बंदी घातली, त्यांच्या यादीत स्त्रियांचं वंध्यत्व आहे. हमखास मूल होण्याची हमी देणारी जाहिरात दिसली की एवढं आठवावं.

निसर्गाच्या हातातलं जे खरोखर उपयोगी आहे

बिनऔषधी उपायांना काहीच अर्थ नाही, असा याचा अर्थ अजिबात नाही. पुरावा असलेले उपाय साधे आहेत, म्हणून त्यांची जाहिरात होत नाही.

पीसीओडी आणि जास्त वजन असेल तर पाच ते दहा टक्के वजन उतरल्यावरही अनेकींची पाळी नियमित होते आणि स्त्रीबीज सुटू लागतं. तंबाखू आणि सिगारेट दोघांनीही सोडावी. भारतातल्या तंबाखू खाणाऱ्या ६३८ पुरुषांच्या तपासणीत जितकी तंबाखू जास्त, तितका वीर्याचा दर्जा खालावलेला दिसला. स्त्रियांनी मशेरीही सोडावी. नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे आज व्यसन सोडलं तर फरक तिसऱ्या महिन्यात दिसेल, आठवड्यात नाही. स्त्रीने गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावं. बाळाच्या मेंदू-मणक्यातली बरीचशी व्यंगं फोलिक ॲसिडने टळतात, हे १९९१ सालीच सिद्ध झालं आहे.

आणि दिवसांचा हिशोब. गर्भ राहू शकतो असे दिवस महिन्यात साधारण सहा : स्त्रीबीज सुटतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच. नवरा मुंबईला किंवा आखाती देशात, बायको गावी, महिन्या-दोन महिन्यांनी चार दिवसांची भेट, अशी आपल्याकडे किती तरी घरं आहेत. त्यांच्याबाबत आजाराचं निदान करण्याआधी कॅलेंडर पाहायला हवं.

वेळ परत मिळत नाही

नैसर्गिक उपचारांचा सर्वांत मोठा धोका सुईत किंवा मुळीत नाही. तो त्यांच्यामागे जाणाऱ्या वर्षांत आहे. स्त्री जन्मते तेव्हाच तिच्याजवळ आयुष्यभराची स्त्रीबीजं असतात. वय वाढतं तशी त्यांची संख्या आणि दर्जा घटतो, पस्तिशीनंतर अधिक वेगाने. गर्भनलिका बंद असतील, आणि आपल्या देशात त्याचं एक मोठं कारण जननमार्गाचा क्षयरोग आहे, तर सुईने त्या उघडत नाहीत. वीर्यात शुक्रजंतूच नसतील तर पाकाने ते येत नाहीत. अशा जोडप्याने ‘आधी नैसर्गिक करून बघू’ म्हणत दोन-तीन वर्षं घालवली तर गेलेली वर्षं कोणताही डॉक्टर परत देऊ शकत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा स्त्रीचं वय पस्तिशीपुढे असेल आणि सहा महिने उलटले, तर दोघांनी एकाच वेळी तपासणीला जावं. पुरुषाची वीर्यतपासणी स्वस्त आहे, सोपी आहे, आणि कारण अनेकदा त्याच्याकडेही असतं. बाईच्या पोटावर सोनोग्राफीचे प्रोब फिरत राहतात आणि नवऱ्याची एकही तपासणी झालेली नसते, हे आता थांबायला हवं. कारण कळल्यावर, मुख्य उपचारांच्या जोडीने आणि डॉक्टरांना सांगून ॲक्युपंक्चर, योगासनं, शांत बसणं यातलं जे आवडेल ते करावं. काढे, भस्मं, पाक यातलं जे काही चालू असेल ते नावानिशी डॉक्टरांपुढे ठेवावं. डॉक्टरांनीही ते हसण्यावारी न नेता ऐकून घ्यावं. रुग्ण लपवतो तो बोलणी बसण्याच्या भीतीने.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. सुनेला कुठल्या बुवाची पुडी किंवा कुठल्या गावचा वैद्य सुचवण्याआधी मुलाला एकच प्रश्न विचारा : तुझी तपासणी झाली का?