दिवाळी अंकाचे देणे

दिवाळीच्या दिवसांत शेजारच्या घरून फराळाचा डबा आला, की तो रिकामा परत पाठवायचा नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. घरात अजून काही तळले-भाजलेले नसेल, तर निदान चमचाभर साखर तरी त्यात घातली जाते. मिळालेल्याची जाणीव ठेवण्याची ती एक साधी पद्धत आहे. मराठीत ‘देणे’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. देणे म्हणजे दान आणि देणे म्हणजे फेडायचे ऋणही. सणासुदीच्या देवाणघेवाणीत हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेलेले असतात.

याच दिवसांत आपल्यापुढे आणखी एक ताट मांडले जाते. ते असते दिवाळी अंकांचे. चकली आणि चिवडा संपल्यावरही अंक पुरतात. कित्येक घरांत तर होळीपर्यंत पुरतात. मात्र या ताटाची परतफेड कशी होते आणि ती कोण करतो, याचा विचार फारसा होत नाही. तो करायचा, तर सणाचा आणि वाचनाचा संबंध मुळात कसा जुळला, हे पाहावे लागेल. त्यासाठी क्षणभर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडकडे वळणे भाग आहे, कारण दिवाळी अंकाच्या कल्पनेचे मूळ तिथल्या नाताळ विशेषांकांत असल्याचे मानले जाते.

नाताळच्या वाचनाला खरा बहर आणला तो चार्ल्स डिकन्स यांनी. १८४३ साली इंग्लंडमधील बालकामगारांच्या स्थितीविषयीचा सरकारी अहवाल वाचून ते अस्वस्थ झाले होते. या प्रश्नावर एखादे पत्रक काढावे, असा त्यांचा आधी विचार होता. पुढे त्यांनी तो बेत सोडला आणि गोष्ट लिहायला घेतली. कंजूष सावकार स्क्रूज एका रात्रीत द्यायला कसा शिकतो, हे सांगणारे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ हे छोटे पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाले. किंमत होती पाच शिलिंग. पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या.

यशाची ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिची दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. भेट म्हणून देता येईल असे देखणे पुस्तक हवे, या हट्टापायी डिकन्स यांनी बांधणीवर आणि हाताने रंगवलेल्या चित्रांवर भरपूर खर्च केला होता. पहिल्या आवृत्तीतून एक हजार पौंड मिळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. हाती आले अवघे २३० पौंड. त्यातच दुसऱ्या एका प्रकाशकाने जानेवारी १८४४ मध्ये त्या गोष्टीची चोरटी आवृत्ती काढली. डिकन्स न्यायालयात गेले आणि जिंकलेही. पण प्रतिवादी दिवाळखोर निघाल्याने सुमारे ७०० पौंडांचा दावाखर्च त्यांच्याच माथी बसला. दानाचा महिमा सांगणाऱ्या पुस्तकाने वाचकांना भरभरून दिले. लिहिणाऱ्याचा हिशेब मात्र तोट्यात राहिला. हा विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण तो आजही संपलेला नाही.

पुढे डिकन्स यांनी आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकातून १८५० पासून आणि नंतर ‘ऑल द इयर राउंड’मधून १८६७ पर्यंत नाताळचे विशेष अंक काढले. एलिझाबेथ गॅस्केल, विल्की कॉलिन्स यांच्यासारखे लेखक त्यांत लिहीत. शेकोटीभोवती बसलेल्या कुटुंबात एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असा तो काळ होता. वर्षाखेरीची सुटी, घरी जमलेली माणसे आणि त्यांच्यासाठी मुद्दाम लिहवून घेतलेला मजकूर, हे समीकरण त्या काळात घट्ट झाले.

हेच समीकरण मराठीत आणले ते ‘मनोरंजन’ मासिकाने. आजगावकर हे मूळ आडनाव मागे ठेवून ‘मित्र’ हे नाव धारण करणारे काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली हे मासिक सुरू केले आणि १९०९ साली त्याचा पहिला दिवाळी अंक काढला. प्रेरणा बाहेरची असली, तरी जमीन आपली होती. शेतातले पीक घरात येण्याचा, माहेरवाशिणींच्या येण्याजाण्याचा, शाळा-कचेऱ्यांना सुटी असण्याचा हा काळ. नव्या कपड्यांच्या आणि फराळाच्या यादीत वाचनाचाही एक जिन्नस असावा, ही कल्पना मराठी मध्यमवर्गाने इतक्या आपलेपणाने स्वीकारली, की पुढच्या काही दशकांत दिवाळी अंकाविना दिवाळी ही कल्पनाच अनेक घरांना सोसेनाशी झाली. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मौज’, ‘सत्यकथा’, अनंत अंतरकरांचा ‘हंस’, दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’, मधुकर पाटकरांचा खिडकीचित्रांचा ‘आवाज’ अशी किती नावे घ्यावीत! बंगालीत हेच काम पूजेच्या दिवसांतले शारदीय अंक करतात. सत्यजित राय यांच्या फेलुदाच्या अनेक कथा-कादंबऱ्या ‘देश’च्या शारदीय अंकांतूनच प्रथम वाचकांपुढे आल्या.

दिवाळी अंकाने वाचकाला वाचन दिले, हे उघड आहे. त्याने लेखकाला काय दिले, हे तितके उघड नसते. लेखकाला त्याने दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे मुदत. मनात घोळत असलेली दीर्घकथा ‘कधीतरी’ लिहायची असते. संपादकाचे पत्र आले, की ती ऑगस्टच्या आत लिहावी लागते. मराठीतील कितीतरी चांगले लेखन या मुदतीच्या धाकानेच कागदावर उतरले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे विस्तीर्ण जागा. एरवी कोणतेही नियतकालिक देऊ शकणार नाही इतकी पाने दिवाळी अंक एका लेखाला, एका प्रवासवर्णनाला किंवा एका व्यक्तिचित्राला देतो. महिनोन्‌महिने फिरून, माणसांना भेटून लिहिलेला रिपोर्ताज आज मराठीत छापायचा झाल्यास दिवाळी अंकाइतके हक्काचे ठिकाण क्वचितच सापडते.

आता हा गाडा चालतो कसा, ते पाहू. चांगल्या अंकाची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. विषय ठरतात, लेखकांना पत्रे आणि फोन जातात. पावसाळ्यात मजकूर येऊ लागतो. त्याचे संपादन, मुद्रितशोधन, चित्रे, मांडणी ही कामे गणपतीच्या आगेमागे ऐन भरात असतात. त्याच सुमारास जाहिरातींसाठी धावपळ चाललेली असते. नवरात्रानंतर छपाई, बांधणी आणि मग गावोगावच्या विक्रेत्यांकडे गठ्ठे रवाना होतात. दिवाळीनंतर काही आठवड्यांत न विकलेल्या प्रती परत येऊ लागतात आणि मग खरा हिशेब मांडला जातो.

हा हिशेब बहुधा किमतीच्या जोरावर जुळत नाही. अनेक मोठ्या अंकांची किंमत आज ३०० ते ५०० रुपयांच्या घरात गेली असली, तरी विक्रेत्याची सूट, वाहतूक, कागद, छपाई आणि परतीच्या प्रती वजा जाता प्रकाशकाच्या हाती फार थोडे उरते. तूट भरून काढतात त्या जाहिराती. म्हणजे वाचकाला मिळणाऱ्या अंकाचा मोठा वाटा कुणी बँक, कुणी सराफ, कुणी मसालेवाला उचलत असतो. जाहिराती आटल्या, की सगळ्यात आधी पाने कमी होतात आणि त्यापाठोपाठ लेखक-चित्रकारांच्या मानधनाला कात्री लागते. २०२० मध्ये टाळेबंदीच्या वर्षी हे स्पष्ट दिसले. त्या वर्षी काही अंक निघालेच नाहीत, काहींची पाने रोडावली आणि काही केवळ डिजिटल स्वरूपात आले. तरीही अनेक संपादकांनी पदरमोड करून परंपरा खंडित होऊ दिली नाही आणि अनेक लेखकांनी मानधनाचा विषय काढला नाही. हे दानच होते. पण दुसऱ्याच्या दानावर एखादी वाङ्मयीन परंपरा किती वर्षे चालावी, हाही प्रश्न आहे.

येथे ग्रंथालयांचा उल्लेख कृतज्ञतेने केला पाहिजे. ठरावीक शुल्क भरून दिवाळी अंक पाळीपाळीने घरी नेण्याच्या योजना शहरोशहरच्या वाचनालयांत चालतात. एका प्रतीचा प्रवास कित्येक घरांतून होतो. ज्यांना दहा अंक विकत घेणे परवडत नाही, त्यांना ते वाचायला मिळतात, आणि प्रकाशकाची प्रतही रीतसर विकली जाते. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफची गोष्ट वेगळी आहे. ‘सगळे अंक मोफत’ असा संदेश आला, की तो आपण मोठ्या उदारपणे दहा जणांना पाठवतो. हे औदार्य दुसऱ्याच्या खिशातले असते. डिकन्स यांना छळणारा चोरटा प्रकाशक निदान छपाईचा खर्च तरी करीत होता.

मग वाचकाने काय करावे? प्रत्येक अंक विकत घ्यावा, असे कुणीही म्हणणार नाही. शेकडो अंक निघतात आणि त्यांतले सगळे वाचण्याच्या योग्यतेचे नसतात. जाहिरातींच्या मधल्या जागा भरण्यापुरता मजकूर असलेलेही पुष्कळ असतात. कृतज्ञता म्हणजे डोळे मिटून केलेली भलामण नव्हे. उलट निवड करणे हाच वाचकाचा पहिला प्रतिसाद असतो. अनुक्रमणिका पाहून, दोन पाने उभ्या उभ्या चाळून, विचार करून निवडलेला एक अंक विकत घेतला, तरी संपादकाच्या मेहनतीला न्याय मिळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे भेट. दिवाळीत सुक्यामेव्याचे डबे एका घरातून दुसऱ्या घरात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात न उघडताच फिरत असतात, हे आपण सारे जाणतो. त्याऐवजी अंक द्यायचा झाला, तर घेणाऱ्याचा विचार करावा लागतो. आजोबांना विनोदी हवा की इतिहासाचा? भाचीला विज्ञानकथा रुचतील का? वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलासाठी बालभारतीचा ‘किशोर’ आहेच. १९७१ पासून तो मराठी मुलांची सोबत करीत आहे. दुसऱ्याच्या आवडीचा असा विचार करणे, हेच भेटीचे खरे मोल असते. वृद्धाश्रमाला, गावच्या शाळेला किंवा आपल्याच इमारतीच्या पहारेकऱ्याच्या शिकणाऱ्या मुलीला अंक द्यायचा असेल, तर तो याच वर्षीचा द्यावा. रद्दीत जाणारा गठ्ठा कमी करणे आणि भेट देणे, यांत फरक आहे आणि घेणाऱ्याला तो लगेच कळतो.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि तरीही सर्वांत दुर्मीळ झाली आहे. ती म्हणजे लेखकाला पत्र. अनेक अंकांत लेखाच्या शेवटी लेखकाचा पत्ता, दूरध्वनी किंवा ई-मेल दिलेला असतो. तो शोभेसाठी छापलेला नसतो. ‘लेख छान आहे’ एवढ्यावर न थांबता, कोणता प्रसंग मनात राहिला, कोणते मत पटले नाही, आपल्या अनुभवात त्याला जुळणारे काय आहे, हे पाच-सहा ओळींत कळवता येते. मानधनाचा धनादेश लेखकाला श्रमाची किंमत देतो. आपण लिहिलेले कुणापर्यंत तरी पोहोचले, ही खात्री त्याला पत्रच देते. असे पत्र लिहिणाऱ्यालाही काहीतरी मिळते. वाचताना मनात उठलेला अस्पष्ट विचार शब्दांत बसवताना तो स्वतःलाच नीट उमगतो. अंकाच्या श्रेयनामावलीत नावे असलेल्या मुद्रितशोधकाची, मांडणीकाराची, चित्रकाराची आठवण त्या पत्रात ठेवली, तर त्याहून उत्तम.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आपल्याला सार्थ आनंद झाला. त्या दर्जाने भाषेच्या प्राचीनतेची कदर झाली. परंतु आज मराठीत जे लिहिले जात आहे, त्याचा सांभाळ सरकारी दर्जाने होत नाही. तो वाचकाच्या खिशातून, वेळातून आणि आस्थेतूनच होतो. शंभरहून अधिक वर्षे लेखक, संपादक, चित्रकार, मुद्रक आणि विक्रेते यांनी मराठी घरांना वर्षातून एकदा जे दिले, त्यातले निम्मे दान आहे, हे मान्य केले, तर उरलेले निम्मे आपले देणे ठरते.

ते फेडण्याची मुदतही ठरलेली आहे. दिवाळी सरली, की विक्रेत्यांकडचे गठ्ठे परतीच्या वाटेला लागतात. त्याआधी एक अंक निवडून विकत घ्यावा, एक कुणाला तरी द्यावा आणि एका लेखकाला पत्र लिहावे. एवढे पुष्कळ घरांत घडले, तर येत्या उन्हाळ्यात लेखकाला फोन करताना संपादकाला मानधनाविषयी बोलायला संकोच वाटणार नाही.