बुजुर्गांच्या बैठकीची दुरुस्ती करताना

आमच्या मोहल्ल्यातील बुजुर्गांच्या बैठकीत दुपारचे जेवणही होते. तेथील स्वयंपाकघर व मोरी नवी करण्यासाठी आम्ही व्यापाऱ्यांनी चंदा जमवला आणि चकचकीत फरशी घातली. कापडाचा पोत बोटांनी ओळखणारे आम्ही, फरशीवर मात्र हात फिरवला नाही! महिन्याभरात एक चाचा वजू करून येताना घसरले. खुब्याचे हाड मोडले.

मग खडबडीत फरशी, कमोडशेजारी धरायला दांडा, दाराशी फूटभर उंचीला बारा फूट लांबीचा उतार केला. गळलेला गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरजवळ जाळी खाली हवी. गवंड्याने ती वर ठेवली होती. भिंत पुन्हा फोडली, खर्च दुप्पट.

दांड्याची उंची मात्र चाचांनीच बसून खूण करून दिली.