लीडर: पण निवडणुकीतला नव्हे!

'लीडर' हा शब्द उच्चारला की आपल्या कॉलेजात मराठी मुलांना पुढारी आठवतो आणि कन्नड मुलांना मुखंड. मला जो लीडर सांगायचा आहे तो भाषण करीत नाही, हार घालून घेत नाही आणि हात वर करून निवडलाही जात नाही. भर समुद्रात रॉड आणि रीळ घेऊन मार्लिन, ट्यूना, शार्क असे प्रचंड मासे धरण्याचा एक खेळ जगात आहे. त्यात मुख्य दोरीचे टोक आणि गळ यांच्यामध्ये जो काही फुटांचा, दोरीहून कितीतरी दणकट असा तुकडा जोडतात, त्याला लीडर म्हणतात. गळाला मराठीत गळ आणि कन्नडात गाळ, म्हणजे दोन्ही घरी तो आपलाच. या तुकड्यासाठी मात्र खेळातला शब्दच वापरणे सोयीचे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. माझे आजोळ वेंगुर्ल्याचे. तिथे सुरमईसाठी टाकायच्या गळाच्या वर मामा वीतभर तार बांधत. "तिचे दात नव्हेत, ब्लेड आहेत," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. ती वीतभर तार म्हणजेच लीडर. फरक इतकाच, की मामांना सुरमई बाजारात न्यायची असते आणि खेळाडूला मासा बहुधा पुन्हा सोडूनच द्यायचा असतो. या फरकामुळे सगळा हिशेब बदलतो.

आधी आकडे पाहू. ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरू देशातील काबो ब्लांको येथे आल्फ्रेड ग्लासेल यांनी १५६० पौंडांचा, म्हणजे सातशे किलोंहून जड, काळा मार्लिन रॉडवर धरला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. या खेळात नेहमी वापरतात त्यांतली सर्वांत जाड दोरी १३० पौंडांची, म्हणजे सुमारे ५९ किलोंचा ताण सोसणारी. मग एवढा मासा येतो कसा? एक तर पाण्यात माशाचे वजन दोरीला जाणवतच नाही, जाणवते ती त्याची ओढ. आणि दुसरे म्हणजे रिळाला ब्रेक असतो. तो साधारणपणे दोरीच्या ताकदीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे १३० पौंडांच्या दोरीला चाळीसेक पौंडांवर लावतात. ओढ त्याहून वाढली की दोरी तुटत नाही, सुटत जाते. मासा पळतो, दमतो, पुन्हा पळतो. म्हणजे मुख्य दोरी कधीच पूर्ण ताकदीनिशी लढत नाही. तिच्याकडे राखीव निधी कायम शिल्लक असतो.

मग लीडर तीनशे-चारशे पौंडांचा कशाला? दोरीच १३० पौंडांत तुटणार असेल तर पुढे चारशे पौंडांचा तुकडा लावणे म्हणजे गवताच्या झोपडीला पोलादी दार, असे प्रथम वाटते. पण लीडर ओढीसाठी जाड नसतोच मुळी. तो झिजेसाठी जाड असतो. मार्लिनची सोंड कानशीसारखी खरखरीत असते आणि झुंज दोन-तीन तास चालली तर लीडर तेवढा वेळ त्या कानशीवर घासत राहतो. मासा पाठ फिरवून पळाला की तोच तुकडा त्याच्या अंगावरून जातो आणि वर शेपटीचे फटके खातो. शार्कची तर कातडीच सँडपेपर. तेव्हा चारशे पौंडांतले किती झिजून गेले तरी चालेल, हा प्रश्न आहे. आमच्या पुस्तकांत याला घसारा म्हणतात, आणि घसाऱ्याची तरतूद आधी करायची असते.

या खेळाची सुरुवात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील कॅटलिना बेटावर झाली असे मानतात. १८९८ साली चार्ल्स होल्डर यांनी तिथे १८३ पौंडांचा ट्यूना रॉडवर धरला आणि त्याच वर्षी ट्यूना क्लब स्थापन झाला. तेव्हा दोरी जवसाची, लिननची असे, आणि लीडरला पियानोची पोलादी तार. तार दातांना दाद देत नाही, पण तिचे दोन मोठे दोष आहेत. ती गंजते, आणि एकेरी तारेला पीळ पडून घडी बसली की ती तिथेच कट्दिशी तुटते, मग कागदावर तिची ताकद कितीही लिहिलेली असो. पुढे स्टेनलेस तार आली, सात पदरांची आणि एकोणपन्नास पदरांची लवचीक तार आली. तरी एकेरी तार अजून टिकून आहे, कारण ती बारीक असून दात सोसते. तिला गाठ मारायची नसते. फास करून दोन्ही पदर एकमेकांवर सारखे पिळायचे. एक सरळ आणि दुसरा त्याच्याभोवती गुंडाळलेला असे झाले तर तो ताणाखाली घसरतो. असे पाच-सहा पीळ झाल्यावर टोकाचे काटकोनात घट्ट वेढे घ्यायचे. उरलेला शेंडा पकडीने कापायचा नाही. त्याला हँडलसारखा वाकवून पुढेमागे फिरवायचा, म्हणजे तो वेढ्याला लागून गुळगुळीत तुटतो. पकडीने कापलेल्या टोकाला सुईसारखी धार राहते आणि ती पुढे कोणाचा तरी तळहात फाडते.

१९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केले आणि पुढे मार्लिनसाठी तारेची जागा जाड एकपदरी नायलॉनने घेतली. चारशे पौंडांचे नायलॉन सुमारे दोन मिलिमीटर जाड असते. एवढ्या जाड धाग्याला गाठ नीट बसत नाही आणि बसली तर ताकद खाते. म्हणून फास करून दोन्ही पदर धातूच्या लहान दुहेरी नळीतून ओवतात आणि खास पकडीने ती नळी दाबतात. खरी कारागिरी इथे आहे. नळी धाग्याच्या मापाची हवी. सैल असेल तर धागा सुटतो. नायलॉनला अॅल्युमिनियमची किंवा तांब्याची मऊ नळी बरी. ती मधोमध दाबायची पण दोन्ही कडा मोकळ्या, कर्ण्यासारख्या ठेवायच्या, कारण कडा दाबली तर तीच सुरीसारखी धाग्यात रुतते आणि लीडर मासा नसतानाही अर्धा कापलेला असतो. धाग्याचे टोक नळीबाहेर किंचित ठेवून काडीने वितळवून त्याचा मणी करायचा, म्हणजे घसरले तरी मणी अडतो. फासाच्या आत प्लास्टिकची नळी किंवा धातूची कडी घालायची, नाहीतर गळाच्या डोळ्यावर घासून फास झिजतो. शेवटी दोन्ही टोके धरून जोर लावून पाहायचे. ताळेबंद जुळला का ते तपासल्याशिवाय वही मिटू नये, तसेच हे.

१९७१ साली जपानच्या कुरेहा कंपनीने फ्लुओरोकार्बनचा धागा आणला. प्रकाशाचे वक्रीभवन त्यात पाण्याच्या बरेच जवळचे असते, म्हणून तो पाण्यात कमी दिसतो. तो पाणी शोषत नाही आणि बुडतो. महाग मात्र चांगलाच. माझ्या मते जिवंत आमिष लावून, चोखंदळ ट्यूनाची वाट पाहत बसायचे असेल तर ते पैसे सार्थकी लागतात. वेगाने जाणाऱ्या बोटीमागे फेसाळ पाण्यात खोटे आमिष ओढायचे असेल तर साधे नायलॉन पुरे.

लांबीला नियम आहे. १९३९ साली न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे समुद्रात वीस पौंडांपर्यंतच्या दोरीला लीडर जास्तीत जास्त १५ फूट आणि त्यावरील दोरीला ३० फूट. दोरी टोकाला दुहेरी केली असेल तर ती धरून एकूण लांबी अनुक्रमे २० आणि ४० फूट. कारण सरळ आहे: शंभर फूट चारशे पौंडी लीडर लावून 'मी ऐंशी पौंडांच्या दोरीवर मासा धरला' असे म्हणणे म्हणजे हिशेबात अफरातफर.

पण लीडर जाड का असावा याचे सर्वांत मोठे कारण मी अजून सांगितलेले नाही. मासा बोटीजवळ आला की रॉडवाल्याचे काम संपत येते आणि एक जण हातमोजे घालून लीडर स्वतःच्या हातांनी ओढू लागतो. इथे रिळाचा ब्रेक नाही. मासा आणि माणूस यांच्यामध्ये तेवढाच तुकडा. बारीक धागा पंजात रुततो, जाड धागा धरता येतो. हातावर वेढे असे घ्यायचे की मूठ उघडताच ते सुटावेत. आणि ओढून घेतलेल्या लीडरच्या वेटोळ्यात पाय कधीही ठेवायचा नाही. या कामात माणसे बोटीबाहेर ओढली जाऊन प्राणाला मुकली आहेत. म्हणूनच गाठी टाळून, पोकळ दोरीत नायलॉन ओवून केलेला, रॉडच्या कड्यांतून थेट रिळावर गुंडाळता येणारा लीडर निघाला. त्याने मासा बोटीच्या अगदी कडेला आणता येतो आणि हाताचे काम थोडक्यात आटोपते.

मग शक्य तितका दणकट लीडर निवडावा काय? मला तसे वाटत नाही. दोरी मध्येच तुटली तर मासा गळ, तीस फूट लीडर आणि वर उरलेली दोरी असे सगळे लोढणे घेऊन जातो. नायलॉन तोंडाजवळ चटकन कापता येते आणि गळापुरतेच ओझे राहते; तार तशी कापली जात नाही, आणि शार्कला ती दाताने तोडताही येत नाही. हवाईच्या लांब दोरीच्या धंदेवाईक मासेमारीत २०२२ पासून तारेच्या लीडरला बंदी आहे ती याचसाठी, की चुकून अडकलेल्या शार्कला धागा चावून निसटता यावे. सुरमईला तार हवीच, तिथे वाद नाही. पण मार्लिनला तार लावणारा माणूस मला अंमळ आळशी वाटतो, कारण नायलॉन वापरायचे तर ते पुनःपुन्हा तपासावे लागते.

ही तपासणी सोपी आहे. प्रत्येक माशानंतर लीडर बोटांच्या चिमटीतून गळापासून वरपर्यंत सावकाश ओढायचा. जिथे खरखर लागते, धागा दुधी किंवा चपटा झालेला असतो, तिथून खालचा भाग कापून नवी नळी दाबायची. खरखर मध्यावर असेल तर अख्खा लीडर बाद करायचा. त्या दिवशी जाळलेल्या डिझेलच्या मानाने त्याची किंमत नगण्य असते.